फिरंगाण (पोर्तुगीज उत्तर प्रांत)

फिरंगाण : उत्तर कोकणच्या किनारपट्टीवर १५३४ ते १७३९ या काळात नांदलेला पोर्तुगीज सत्तेचा एक ऐतिहासिक प्रांत. पोर्तुगीज दप्तरात त्यास ‘प्रोव्हीन्सिया दु नोर्ति’ म्हणजे ‘उत्तरेचा प्रांत’ असे नाव होते. ही उत्तर अर्थातच गोव्याच्या अपेक्षेने होती. मराठी कागदपत्रांत त्याचा निर्देश ‘फिरंगाण’ या सुटसुटीत नावाने येतो. वसई ही त्याची राजधानी. दमणगंगेपासून दक्षिणेस कुंडलिका नदीच्या मुखापर्यंत, म्हणजे दमणपासून रेवदंडा-कोर्लईपर्यंत, सु. २०० किमी. लांबीच्या किनाऱ्यावर तो तुकड्यातुकड्यांनी पसरलेला होता. सौराष्ट्राच्या टोकाचे दीव हे बेटही कारभाराच्या दृष्टीने यातच मोडे. आजच्या महाराष्ट्रातील पालघर, ठाणे, मुंबई, मुंबई उपनगर व रायगड या जिल्ह्यांचे किनारी भाग आणि दीव-दमण हे त्याचे क्षेत्र होय.

पोर्तुगीज सत्ता म्हटली की गोवा डोळ्यांसमोर येतो आणि हा उत्तरेकडील प्रांत विस्मृतीत जातो. वास्तविक सोळाव्या शतकात तांदूळ, इमारती लाकूड व जमीनमहसूल या तिन्ही बाबतींत गोव्याची भिस्त बऱ्याच अंशी या प्रांतावर होती. नामसाम्यामुळेही घोटाळा होतो. ‘साष्टी’ हे नाव मुंबईच्या उत्तरेकडील बेटाचे आहे, तसेच ते गोव्यातील एका तालुक्याचेही आहे. दोन्ही ठिकाणी ते ‘सहासष्ट’ गावांवरून आले असे मानतात. ख्रिस्तपुराण (१६१६) लिहिणारे फादर स्टीफन्स ज्या साष्टीत वावरले ती गोव्यातील होय. चिमाजी आप्पांनी जिंकली ती ठाण्याजवळची. जुनी पत्रे वाचताना हा भेद ध्यानी न धरल्यास अनर्थ होतो.

भूवर्णन : पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याच्या टेकड्या आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्या दरम्यानची ही अरुंद पट्टी खाड्यांनी जागोजाग छेदलेली आहे. वैतरणा व उल्हास या मुख्य नद्या. वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा व दातिवरे ही ठाणी होती. उल्हास नदीचे पाणी ठाण्याजवळ दोन वाटांनी समुद्रास मिळते. एक वाट वसईच्या खाडीची, दुसरी ठाण्याच्या खाडीची. या दोन खाड्यांनी वेढलेला भूभाग म्हणजे साष्टी बेट. त्याच्या दक्षिणेस मुंबईची सात बेटे, पूर्वेस घारापुरी व उरणचे करंजा बेट, उत्तरेस वसई. त्या काळी वसई हेही पाण्याने वेढलेले होते. आता मधल्या खाड्या गाळाने व भरावांनी बुजून गेल्या आहेत. पाऊस भरपूर व बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडणारा. या काळात समुद्र बंद होई आणि किनाऱ्यावरील किल्ल्यांना गोव्याहून कुमक येणे अशक्य होई. प्रांताच्या लष्करी इतिहासात ही गोष्ट पुनःपुन्हा निर्णायक ठरली.

जमिनीचे दोन प्रकार होते. गोड्या जमिनीत भात, ऊस, केळी, नारळ व सुपारी यांची आगरे होती. वसईची केळी आणि पानवेली यांची ख्याती पुढेही टिकून राहिली. दुसरा प्रकार खाजणांचा. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, दोन-चार पावसाळ्यांत जमिनीतील क्षार धुऊन जाऊ द्यायचे आणि मग तीत खाऱ्या जातीचे भात घ्यायचे, ही येथील आगऱ्यांची जुनी विद्या. पोर्तुगीजांनी ती निर्माण केली नाही. परंतु बांध घालणाऱ्यास सवलतीचा सारा देऊन तिला उत्तेजन दिले. जेथे भात होत नसे तेथे मिठागरे होती. पूर्वेकडील डोंगरांतून व वैतरणेच्या खोऱ्यातून साग येई आणि आगाशी व वसई येथे त्याची जहाजे बांधली जात. वसईच्या परिसरातील काळा पाषाणही दूरवर जाई. जुन्या गोव्यातील बाँ जेझुसच्या चर्चचा दर्शनी भाग वसईहून नेलेल्या दगडाचा असल्याचे सांगतात. ठाणे हे सुती व रेशमी विणकामाचे, तर चौल हे घोडे, कापड व रेशीम यांच्या व्यापाराचे केंद्र होते.

इतिहास : पोर्तुगीजांचा या किनाऱ्याशी पहिला मोठा संबंध चौल येथे आला. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत ईजिप्तच्या व गुजरातच्या संयुक्त आरमाराशी झालेल्या लढाईत व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सू द अल्मेइदा मारला गेला. पुढे अहमदनगरच्या निजामशाहाच्या संमतीने १५२१ मध्ये त्यांनी रेवदंड्यास किल्ला बांधण्यास प्रारंभ केला. वसईकडे त्यांची दृष्टी वळली ती दीवमुळे. दीव हे गुजरातच्या सुलतानाचे संपन्न बंदर त्यांस हवे होते व त्यासाठी त्यांनी सुलतानाच्या किनाऱ्यावर सतत हल्ले चालविले होते. १५३३ मध्ये नूनू द कून्य या गव्हर्नराने मलिक तुघान याने उभारलेली वसईची तटबंदी पाडली. दुसऱ्याच वर्षी हुमायूनच्या स्वारीचे सावट आल्यामुळे बहादुरशाह गुजराती कोंडीत सापडला. २३ डिसेंबर १५३४ रोजी ‘सां मातेउश’ या जहाजावर झालेल्या तहाने त्याने वसई आणि तिच्या ताब्यातील साष्टी, मुंबई इ. बेटे पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. मोगलांविरुद्ध मदत मिळविण्यासाठी दिलेली ही किंमत होती. तिच्यावर समाधान न मानता १५३५ मध्ये दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगीही पोर्तुगीजांनी मिळविली. १५३७ मध्ये दीवच्याच समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादुरशाहाचा अंत झाला.

यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत प्रांताने आकार घेतला. दीवचे १५३८ व १५४६ चे वेढे परतवून लावण्यात आले. १५५६ मध्ये अशेरीचा डोंगरी किल्ला आणि १५५९ मध्ये कोंस्तांतीनू द ब्रागांसा या व्हाइसरॉयच्या कारकीर्दीत दमण त्यांच्या हाती आले. दमणमुळे संजाण, डहाणू, तारापूर आणि केळवे-माहीम हा पट्टा वसईस जोडला गेला. दक्षिणेकडे मुर्तजा निजामशाहाने १५७०-७१ मध्ये चौलला दिलेला प्रदीर्घ वेढा निष्फळ ठरला. खाडीपलीकडील कोर्लईचा डोंगर निजामशाहीने तटबंदीने बळकट केला होता; तो पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला.

दमणच्या परिसरातील एक गोष्ट मराठ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रामनगरच्या कोळी राजास दमण परगण्यातील गावांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा मिळत असे. तो देण्याची पद्धत पोर्तुगीजांनी पुढे चालू ठेवली आणि या राजास ते ‘चौथिया’ राजा म्हणत. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने रामनगर जिंकले, तेव्हा हा हक्क आपल्याकडे आला असे सांगून महाराजांनी पोर्तुगीजांकडे चौथाईची मागणी केली. मराठ्यांच्या चौथाईची मुळे शोधताना अभ्यासकांना या लहानशा कोकणी वहिवाटीपाशी थांबावे लागते.

सतराव्या शतकात ऱ्हासाची चिन्हे दिसू लागली. डचांनी व इंग्रजांनी समुद्रावरील मक्तेदारी मोडली. १६१८ च्या मे महिन्यातील भयंकर वादळाने वसईची घरे व चर्चे जमीनदोस्त केली. मस्कतच्या अरबांनी १६६८ मध्ये दीव लुटले आणि १६७४ मध्ये त्यांची एक तुकडी वसईस उतरून तटाबाहेरील चर्चे लुटून गेली. तटातील शिबंदी बाहेर पडली नाही. शतकाच्या अखेरीस प्लेगची साथ आली. तथापि सर्वांत दूरगामी घटना मुंबईची होती. २३ जून १६६१ च्या विवाहतहाने पोर्तुगीज राजकन्या कातरीना हिच्या आंदणात मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास देण्यात आली. व्हाइसरॉय अंतोन्यू द मेलू द काश्त्रू याने ती सुपूर्द करण्यास शक्य तितका विलंब लावला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी ताबा दिला गेला. साष्टी यात नव्हती. परिणामी इंग्रजांजवळ उत्तम बंदर होते, पण त्याला पोसणारी जमीन नव्हती. पोर्तुगीजांजवळ जमीन राहिली, पण बंदर गेले. ठाणे व करंजा येथील जकातींवरून दोघांचे तंटे पुढील पाऊणशे वर्षे चालले. १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने हे बेट वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस दिले.

शासन व जमीनव्यवस्था : प्रांताचा प्रमुख ‘उत्तरेचा जनरल’ हा वसईत राही. त्याच्या हाताखाली दमण, वसई, चौल व दीव येथे कप्तान असत. कप्तानपद सामान्यतः तीन वर्षांचे व राजाच्या मर्जीने मिळणारे असल्यामुळे तेवढ्या मुदतीत होईल तितका खाजगी व्यापार करून घ्यावा, अशीच बहुतेकांची वृत्ती होती. महसूल, न्याय व वखार यांचे स्वतंत्र अधिकारी होते. शहरांचा कारभार गोऱ्या गृहस्थवर्गातून निवडलेली नगरसभा पाही. या राज्याचा पहिला व्यवस्थित महसुली ताळेबंद सिमांव बोतेल्यू या अधिकाऱ्याने १५५४ मध्ये तयार केला. गावोगावचा सारा, तो कोणत्या मापाने व कोणत्या धान्यात देय होता, हे त्यात नोंदलेले असल्यामुळे गुजरातच्या सुलतानांच्या वेळची व्यवस्थाही त्यातून बऱ्याच अंशी कळते.

गावे सरकारने थेट न ठेवता पोर्तुगीज सरदारांना, सैनिकांना व धार्मिक संघांना बहुधा तीन पिढ्यांच्या कराराने दिली. धारकाने सरकारास ठरावीक ‘फोरू’ म्हणजे वार्षिक खंड द्यायचा आणि गावाच्या मानाने घोडा व शिबंदी बाळगायची, असा हा करार होता. राजाच्या आश्रयाने आलेल्या अनाथ पोर्तुगीज मुलींना आंदण म्हणूनही गावे दिली जात. पोर्तुगीज पुरुषाशी विवाह करण्याच्या अटीवर हा हक्क मुलीकडून मुलीकडेही जाई. अशीच पद्धत पोर्तुगीजांनी पुढे पूर्व आफ्रिकेत झँबीझी नदीच्या खोऱ्यात राबविली. मुंबई बेटही असेच खंडाने दिलेले होते. गार्सिया द ओर्ता हा वैद्य त्याचा एक धारक होता. भारतीय वनौषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला व पुढे यूरोपभर वाचला गेला. मुंबईतील ‘फोरास रोड’ या रस्त्याच्या नावात आणि ‘फाजेंदारी’ या जमीनधारणेच्या प्रकारात या व्यवस्थेचे अवशेष राहिले.

या पद्धतीचा भार अखेर कुळावर पडे. गावचा धारक वसईच्या तटात राही, गावी त्याचा मुखत्यार. कूळ, खंडकरी, मुखत्यार आणि धारक या उतरंडीत शेतकऱ्याचे म्हणणे सरकारपर्यंत पोहोचण्याचा मार्ग नव्हता. शिवाय घोडा व शिबंदी बाळगण्याची अट कागदावरच राहिली. १६३५ च्या सुमारास अंतोन्यू बोकार्रू याने वसईत सु. ४०० पोर्तुगीज व २०० एतद्देशीय ख्रिस्ती कुटुंबे असल्याचे नोंदले आहे. दोनशे किमी. किनाऱ्याच्या रक्षणास ही संख्या कधीच पुरेशी नव्हती.

धर्म : फ्रान्सिस्कन संघाचे धर्मोपदेशक वसईच्या ताब्यापाठोपाठ आले. त्यांच्यानंतर जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन आले. सेंट फ्रान्सिस झेविअर यानेही वसईस भेट दिली होती. जेझुइटांनी वसई व वांद्रे येथे विद्यालये चालविली. वांद्र्याचे सेंट अँड्र्यूचे चर्च १५७५ चे. गावांतील बरेच उत्पन्न या संघांकडे होते व साष्टीतील जमिनीचा मोठा भाग त्यांच्या हाती गेला होता.

धर्मप्रसारासोबत देवस्थानांचा विध्वंसही झाला. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या शैव लेण्याचे १५४० नंतरच्या दशकात चर्च करण्यात आले व वरच्या बाजूस मठ उभारला गेला. कान्हेरीच्या एका लेण्यातही उपासना सुरू झाली. निर्मळ, तुंगारेश्वर, ठाणे येथील हिंदू देवस्थाने उजाड झाली. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायसभा स्थापन झाली, तिचा प्रतिनिधी वसईत असे. हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर, लग्नसमारंभांवर व पोरक्या मुलांच्या पालकत्वावर निर्बंध आले. या निर्बंधांची तीव्रता सदासर्वकाळ सारखी नव्हती. व्यापारी, भंडारी, कोळी व विणकर यांच्यावाचून प्रांत चालणार नाही हे वसईच्या अधिकाऱ्यांस कळत होते, आणि धर्मोपदेशकांचे व त्यांचे यावरून वारंवार खटके उडत. सक्ती, प्रलोभन, दुष्काळातील आश्रय आणि मनोमन स्वीकार या चारही वाटांनी धर्मांतर झाले. यांपैकी एकच वाट खरी धरून लिहिलेला इतिहास, मग तो कोणत्याही बाजूचा असो, कागदपत्रांपुढे टिकत नाही.

विरोधाभास असा की, ज्यांच्या राजवटीत लेण्यांची हानी झाली त्याच पोर्तुगीजांनी त्यांची पहिली तपशीलवार यूरोपीय वर्णने लिहून ठेवली. झुआंव द काश्त्रू याने १५३८-३९ च्या समुद्रप्रवासवृत्तांतात घारापुरी व कान्हेरी यांचे वर्णन केले आहे. दियोगू दु कोतू याच्या लेखनातून घारापुरीचा एक शिलालेख पोर्तुगालला पाठविल्याचे कळते. त्याचा पुढे मागमूस लागला नाही. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीस ‘एलिफंटा’ हे नाव दिले तो आता मुंबईच्या जिजामाता उद्यानात आहे.

गोन्सालो गार्सिया हा या प्रांताचाच पुत्र. १५५७ च्या सुमारास वसईत जन्मलेला, पोर्तुगीज पिता व एतद्देशीय माता असलेला हा फ्रान्सिस्कन बंधू जपानमध्ये नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्यास संतपद देण्यात आले. संतपद मिळालेला तो पहिला भारतीय होय.

मराठ्यांची मोहीम (१७३७–३९) : शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यापासून मराठे फिरंगाणाचे शेजारी झाले होते. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये चौलला वेढा दिला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी आंग्र्यांच्या आरमाराने समुद्र व्यापला; कुलाब्यावरील इंग्रज-पोर्तुगीजांचा १७२१ चा संयुक्त हल्ला फसला. १७३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ठाण्याचा किल्ला बांधावयास घेतला. तो पुरा झाला तर साष्टीची वाट कायमची बंद होईल, हे पुण्यास उमगले. त्याच सुमारास अणजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे देसाई इत्यादी स्थानिक वतनदार धार्मिक जाचाची गाऱ्हाणी घेऊन पेशव्यांकडे खेटे घालीत होते. साताऱ्यास छत्रपती शाहूंची मान्यता मिळाली आणि साताऱ्याजवळ धावडशीस राहणारे ब्रह्मेंद्रस्वामी यांनी या कामास आपले वजन खर्च केले. मोहिमेमागे धर्मरक्षणाचा हेतू होता हे निःसंशय. त्याचबरोबर चौथाई, ठाण्याचा किल्ला, साष्टीचा भातमळा आणि मुंबईच्या इंग्रजांस शेजारी मोकळे रान मिळू न देण्याचे राजकारण हेही हेतू होते. बखरींनी पहिल्यावर भर दिला व नंतरच्या लेखकांनी तोच उचलला.

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी खाडी ओलांडून अर्धवट बांधलेला ठाण्याचा किल्ला घेतला. जनरल दों लुईश बोतेल्यू माघार घेऊन गेला आणि साष्टी बेट पाहता पाहता हातचे गेले. मात्र वसई व केळवे-माहीम घेण्याचे मराठ्यांचे त्या व पुढील वर्षीचे प्रयत्न साधले नाहीत. शंकराजी केशव फडके यांनी या काळात पुष्कळ खटपट केली. पुढे सांगली-तासगाव परिसरात नावारूपास आलेल्या पटवर्धन घराण्यातील रामचंद्र हरी हेही या मोहिमेत होते. डिसेंबर १७३८ मध्ये नवा जनरल पेद्रू द मेलू हा ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात ठार झाला. आता चिमाजी आप्पा स्वतः उतरले. जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम, डहाणू व तारापूर पडले. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर हे चिमाजींचे जिवलग कामी आले. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे इचलकरंजीकर गोव्यातील साष्टीत शिरल्यामुळे व्हाइसरॉय सांदोमिलचा काउंट यास वसईकडे कुमक धाडता येईना. उत्तरेची साष्टी गेली आणि दक्षिणेची धोक्यात आली.

वसईचा किल्ला तीन बाजूंनी पाणी व दलदल यांनी वेढलेला. जमिनीकडून पोहोचण्याची वाट काय ती उत्तरेच्या अंगाची. तेथेच, वाळूच्या टापूवर फेब्रुवारी १७३९ मध्ये मोर्चे लागले. उघड्या वाळूत दिवसा तोफांच्या माऱ्याखाली काम अशक्य. म्हणून रात्री चर खणीत मराठे तटापर्यंत सरकले आणि सांव सेबाश्तियांव बुरूज व त्याच्या लगतच्या तटाखाली सुरुंग भरले. किल्ल्यातील जनरल मार्तीन्यू द सिल्वेइरा वेढ्यात मारला गेला व सूत्रे काएतानू द सोझा परेरा याच्याकडे आली. त्याने मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी चर्चची चांदी व पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन पंधरा हजार रुपये कर्ज दिले. सैनिक दिले नाहीत. १३ मे रोजी सुरुंग उडविले गेले. काही वेळेवर उडाले, काही उशिरा उडून चढाई करणारे मराठेच त्यात सापडले. तरीही खिंडारातून हल्ल्यामागून हल्ले झाले व दुसऱ्या दिवशी बुरूज हाती आला. १६ मे १७३९ रोजी किल्ल्याने शरणागतीचा करार केला. मराठ्यांची हानी पोर्तुगीजांच्या कितीतरी पट होती. मृत व जखमींचा आकडा काही हजारांच्या घरात जातो.

कराराच्या अटी उदार होत्या. शिबंदीस शस्त्रांनिशी व वाजतगाजत बाहेर पडू देण्यात आले, कुटुंबांस चीजवस्तू नेण्याची मुभा मिळाली आणि मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस धर्माचरणाचे व काही चर्चे राखण्याचे अभय देण्यात आले. पावसाळा तोंडावर आल्याने करार लवकर उरकण्याची निकड दोन्ही पक्षांस होती, हेही खरे. मोठ्या जमीनधारकांची घराणी मुंबई व गोव्याकडे गेली. १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीजांजवळ दीव व दमण तेवढी राहिली, ती डिसेंबर १९६१ पर्यंत.

उत्तरकाळ : पेशव्यांनी वसईस ‘बाजीपूर’ असे नाव दिले, पण ते रुळले नाही. उजाड देवस्थाने पुन्हा उभी राहिली. ठाण्याच्या कौपीनेश्वराचा जीर्णोद्धार १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केला. वज्रेश्वरीचे देऊळ चिमाजी आप्पांच्या नवसाचे म्हणून प्रसिद्ध आहे. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून महाराष्ट्रभर गेल्या. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मेणवली येथे नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर अशी एक घंटा आहे; तिच्यावर बाल येशूसह मरियेची आकृती व १७०७ हे वर्ष आहे. भीमाशंकर व नासिकचे नारोशंकराचे देऊळ येथेही अशा घंटा आढळतात.

मराठ्यांकडे हा मुलूख फार काळ एकसंध राहिला नाही. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली; १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली. सालबाईच्या तहाने (१७८२) वसई परत मिळाली, साष्टी मिळाली नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला तो याच वसईत. १८१८ नंतर किल्ला ओस पडत गेला. आज तटबंदी, समुद्रदरवाजा व जमिनीकडील दरवाजा, सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा आणि जेझुइट, फ्रान्सिस्कन व डोमिनिकन मठांचे भग्नावशेष तेथे पाहावयास मिळतात. या अवशेषांचा व शिलालेखांचा पहिला पद्धतशीर अभ्यास जे. जर्सन द कून्या यांनी केला. त्यांचा चौल-वसईवरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

लोक व संस्कृती : राज्य गेले, गोरे धारक गेले, ख्रिस्ती शेतकरी, कोळी व बागाइतदार मात्र राहिले. गोव्याहून आलेल्या व स्थानिक धर्मगुरूंनी त्यांची उपासना चालू ठेवली. या समाजाची भाषा मराठीच राहिली, हे त्याचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य होय. १६५९ मध्ये फ्रान्सिस्कू व्हाश द गिमराइंश या धर्मगुरूने ख्रिस्ताच्या मरणाचे पुराण रचले, तेही येथील लोकांच्या बोलीत. फादर स्टीफन्स यांच्या भाषेचे सौष्ठव त्यात नाही. परंतु सतराव्या शतकातील उत्तर कोकणी बोलीचा नमुना म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

वसईच्या परिसरातील सामवेदी ख्रिस्ती स्वतःस ‘कुपारी’ म्हणवितात. हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ म्हणजे मुलाचा धर्मपिता यावरून आला असे मानतात. त्यांची कादोडी बोली हिंदू सामवेदींच्या बोलीशी जवळची आहे. वाडवळ, कोळी, आगरी, भंडारी यांतही हिंदू व ख्रिस्ती अशा शाखा असून आडनाव पोर्तुगीज व बोली मराठी ही स्थिती सर्वत्र दिसते. मुंबई-साष्टीतील ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. रेल्वे, गोदी व कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी येणाऱ्या गोवेकरांहून आपण वेगळे, येथलेच आणि इंग्रजांच्या राज्यातले जुने प्रजाजन आहोत, हे ठसविण्याचा त्यामागे उद्देश होता. नाव इंग्रजी असले तरी त्यांच्या लग्नात मराठी गाणी म्हटली जातात. आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचे पाणी आणण्याच्या विधीस ‘उंबराचे पाणी’ म्हणतात. जुन्या स्त्रिया चौकड्यांचे लुगडे नेसत. उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत भरून ठेवलेला ‘बाटली मसाला’ ही त्यांच्या स्वयंपाकाची खूण. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला सर्व धर्मांचे लोक जातात. साष्टीच्या गावठाणांत चौकाचौकांत दिसणारे क्रूस सर्वच पोर्तुगीज काळातील नाहीत. त्यांतील पुष्कळ १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले आहेत.

कोर्लईच्या डोंगरापायथ्याच्या खेड्यात मात्र भाषेचा प्रवाह उलटा वाहिला. १७४० मध्ये किल्ला गेल्यावर तेथील ख्रिस्ती वस्ती एकाकी पडली आणि तिची पोर्तुगीज-मिश्र बोली टिकून राहिली. ती बोलणारे लोक तिला ‘नोव लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद शेवटी ठेवणारी वाक्यरचना मराठीची, असे तिचे रूप आहे. भाषिकांची संख्या हजाराच्या आसपास. मुलांचे शिक्षण मराठीत होते व तरुण कामासाठी बाहेर जातात, त्यामुळे तिचे भवितव्य अनिश्चित आहे.

पोर्तुगीज संपर्काने आलेले शब्द मराठीत इतके मुरले आहेत की त्यांचे परकेपण जाणवत नाही. पगार, लिलाव, चावी, घमेले, पिंप, पाव, बटाटा, काजू, अननस हे त्यांपैकी काही. हापूस आंब्याचे नावही ‘आफोन्सु’ या पोर्तुगीज नावावरून आले आहे. हे सर्व शब्द उत्तर प्रांतातूनच शिरले असे म्हणता येत नाही, गोव्याचा वाटाही मोठा आहे. परंतु मुंबई, ठाणे व पुणे यांच्या बाजारांशी रोजचा व्यवहार फिरंगाणाचा होता. वसई, उत्तन व गोराई परिसरातील केळीचे मळे, मिठागरे व खाजणे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबईच्या वाढत्या वस्तीखाली झपाट्याने आकसली. पाण्याच्या उपशामुळे विहिरी मचूळ झाल्या आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसईत ‘हरित वसई’ या नावाने त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे एक नेते. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते.